आंदणातली मुंबई

मे उजाडला की न्यू जर्सीत, एडिसनला, आमच्या घरी राजे मुक्कामाला येतात. फ्रिजच्या दारावर फ्रान्सचा चौदावा लुई, बाथरूमच्या आरशावर इंग्लंडचा आठवा हेन्री, जिन्याच्या कठड्याला स्पेनची इसाबेला. माझी नात रेवा अकरावीत आहे. तिची युरोपच्या इतिहासाची परीक्षा याच महिन्यात असते, म्हणून तिनं एकेका पिवळ्या चिठ्ठीवर एकेक राजा लिहून घरभर डकवून ठेवलाय. काल मी दह्याचं पातेलं काढायला गेले तर लुई गळून दह्यात पडला. धर्मावरून हजारो माणसांना देशोधडीला लावणारा एवढा मोठा राजा. मी त्याला चिमटीत धरला, नळाखाली धुतला आणि लोणच्याच्या बरणीला टेकवून वाळत ठेवला. शाई पसरून 'चौदावा' पुसला गेला. आता तो नुसताच लुई.

बाहेर गाड्यांवर झाडांचा पिवळा पराग बसलाय. कुणीतरी गवत कापतंय. ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत हापूसच्या पेट्या आल्यात आणि त्या बघायला मुलगा सकाळीच गेलाय. घरात मी, रेवा आणि हे राजेलोक.

"आज्जी, क्विझ मी ना."

"हेन्रीनं रोमच्या पोपशी का मोडलं?"

"ही वॉन्टेड अ डिव्होर्स. देन अ सन. देन द चर्च लँड्स."

"क्रम चुकला. जमिनी आधी घे."

"आज्जी! टीचरनी असाच ऑर्डर दिलाय."

"टीचरना माझा नमस्कार सांग."

रेवानं डोळे फिरवले आणि चिठ्ठ्या घेऊन वर गेली. थोड्या वेळानं तिचा आवाज यायला लागला. येरझाऱ्या घालत, एका सुरात. कारणं, परिणाम, कारणं, परिणाम. मी हातातली भेंडी तशीच ठेवून ऐकत बसले. तो सूर माझा आहे. नाक बापाचं, केस आईचे, पण घोकण्याचा सूर थेट माझा.

लोकांना परीक्षेचा मोसम म्हटलं की उन्हाळा आठवतो, कैऱ्या आठवतात. मला मिशिगनमधल्या ॲन आर्बरचा एक एप्रिल आठवतो. तिथला एप्रिल म्हणजे काही धड ऋतू नव्हे. पार्किंगच्या कडेला बर्फाचे ढीग कोळशासारखे काळे होऊन पडलेले, त्यातून कुणाचा तरी हरवलेला हातमोजा वर आलेला. बसमध्ये ओल्या लोकरीचा आणि कॉफीचा वास. आणि जरा ऊन पडायचा अवकाश, की पोरं अर्ध्या चड्ड्या घालून चिखलात लोळायला मोकळी. त्यांच्यामधून वाट काढत मी चाललेय: पाचवारी साडी, त्यावर नवऱ्याचा कोट, खाली गुडघ्यापर्यंतचे बूट आणि पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली बी.ए.ची मार्कशीट. इतिहासात पहिली आले होते. ती मार्कशीट मी कुणालाही दाखवायला तयार असे. एकदा बस ड्रायव्हरला दाखवली होती. तेव्हा मी पंचविशीतली होते आणि स्वतःवर इतकी खूश की आज ती मुलगी समोरून आली तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन.

आमचे हे तिथल्या विद्यापीठात पूल का पडतात यावर संशोधन करत होते. मी त्यांच्या व्हिसाला बांधून आलेली. नोकरी करायला बंदी. दिवसभर वरण शिजवायचं आणि वाट बघायची. म्हणून मी इतिहास विभागात जाऊन धडकले. तिथल्या बाईंनी मार्कशीट उलटसुलट करून बघितली आणि म्हणाल्या, तुमच्या या मार्कांचं आम्हाला काही कळत नाही. एक कोर्स करा. बी किंवा वरची ग्रेड मिळाली तर एम.ए.ला घेऊ, फीसुद्धा माफ करू. खाली आलात तर मात्र नाही.

म्हणजे माझं सगळं एका कोर्सावर टांगलेलं. बी आली तर मी विद्यार्थिनी, न आली तर जगातले सगळे पूल पडेपर्यंत मी आपली घरात.

कोर्स होता युरोपचे राजे, त्यांचा धर्म आणि त्यांची साम्राज्यं. सर उंच, कोटाच्या बाहीवर कायम खडू. सन सांगायच्या आधी हटकून खोकत. आणि तासाला एकदा तरी त्यांची कैलासवासी आत्या यायची. "माझी आत्या म्हणायची, राजाला देव बदलावासा वाटला की समजावं, त्याला बायको नाहीतर जमीन हवी आहे." पोरं हसायची. मी हसत नसे, कारण मी लिहून घेत असे. सर जे जे बोलत ते ते सगळं. आमच्या कॉलेजात अभ्यास म्हणजे हेच होतं. सरांनी सांगायचं, आपण उतरवायचं, पाठ करायचं, परत करायचं. जितकं हुबेहूब परत करू तितका त्यांचा मान. कपड्यांच्या धुलाईयंत्रांच्या खोलीत मी फिरत फिरत घोकायची. यंत्रं गरगरायची आणि मी त्यांच्या वर आवाज काढून स्पेनच्या आरमाराची कारणं म्हणायची.

शेजारच्या कुमुदताई नागपूरच्या. वनस्पतिशास्त्रातल्या एम.एस्सी. आणि माझ्यासारख्याच व्हिसाला बांधलेल्या. त्या एकदा चादरी घेऊन आल्या नि दारातच थांबल्या.

"काय करून राहिली तू? आरती म्हणून राहिली की काय?"

"पाठांतर. सहामाहीचं."

"आणि मध्येच खोकतेस कशाला?"

"सर तिथे खोकतात."

कुमुदताईंनी चादरी खाली ठेवल्या आणि यंत्राला टेकून पोट धरून हसल्या.

सहामाहीत मी अख्ख्या कोर्साचा पाऊस पाडला. सरांचं वाक्य न् वाक्य, स्वल्पविरामासकट. पोर्तुगालच्या राजानं गोव्यात धर्मन्यायालय कसं बसवलं, इसाबेलानं ज्यूंना घालवलं आणि त्याच वर्षी जहाजं कशी पाठवली, सगळं. आठवड्यानं सरांनी खोलीवर बोलावलं. मी मार्कशीट घेऊनच गेले. म्हटलं, स्तुती होणार, तर लागेल.

त्यांनी माझी निळी उत्तरपत्रिका टेबलावर ठेवली. "ही सगळी माझी वाक्यं आहेत."

"येस सर!" मी फुलले.

"सगळी."

"येस सर. ऑल."

"इथे तुम्ही लिहिलंय, 'माय लेट आंट यूज्ड टू से'. ही कुणाची आत्या?"

"युवर्स, सर."

सरांनी चष्मा काढला. मग हळूच विचारलं, वर्गात टेपरेकॉर्डर आणला होता का? परीक्षेत कागद? तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की हा माणूस मला चोर समजतोय. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभी राहिले आणि म्हटलं, थर्ड वीक, सर, मंडे. आणि सुरू केलं. मान वर, हात मागे, शाळेत कविता म्हणतात तशी. पहिला सन आला तिथे मी खोकले. सरांनी हात वर केला. पुरे. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं चिडले. पण ते हसणं दाबत होते.

चष्मा पुसत ते जे म्हणाले ते मला अजून जसंच्या तसं येतं. "मिसेस देसाई, मला काय वाटतं ते मला माहीत आहे. इतकी वर्षं तेच वाटून मी कंटाळलोय. तुम्हाला काय वाटतं?"

"कशाबद्दल, सर?"

"यांतल्या कशाहीबद्दल."

मला हे कुणी कधी विचारलंच नव्हतं. आम्हाला कारणं विचारत. कारणं नेहमी पाच असत, आणि पाचवं नेहमी 'इतर' असे. मला काय वाटतं हे 'इतर'मध्येसुद्धा बसत नव्हतं. सर म्हणाले, अंतिम परीक्षेत तुमचं उत्तर हवंय, तुमच्या शब्दांत. माझं आलं तर मी बी देऊ शकणार नाही.

घरी येताना मी रडले असेन असं वाटेल. छे! मी चिडून चालत होते आणि मनात म्हणत होते, एवढं सगळं पाठ केलं, आणि हा माणूस म्हणतो वाटलं पाहिजे! वाटायला वेळ कुणाला होता?

एप्रिलमधल्या एका तासाला सर सतराव्या शतकात पोचले. फळ्यावर नकाशा. पोर्तुगालच्या राजानं बहीण कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली, कारण स्पेनपुढे टिकायला त्याला पाठीराखा हवा होता. "आणि मुंबई," सर खोकले, "एका नवरीबरोबर इंग्लंडच्या राजाकडे आली." वर्ग थोडा हसला. सर पुढच्या मुद्द्याकडे वळले.

माझं पेन थांबलं. त्या कोर्सात ते पहिल्यांदाच थांबलं.

मी माहीमची. आमच्या गॅलरीत संध्याकाळी खारा वारा यायचा आणि त्याच्यासोबत दोरीवर वाळणाऱ्या बोंबलांचा वास. बुधवारी आई कपाळाला ठसठशीत कुंकू लावून चर्चमध्ये मेणबत्ती लावायला जायची. भाड्याची खोली सोडून स्वतःची जागा व्हावी म्हणून तिनं तिथे मेणाचं घर वाहिलं होतं. मेरीमाता पोर्तुगालहून आली की कोकणातून, हे आईनं कधी विचारलं नाही. मासळीवाल्या दोघी यायच्या, एकीच्या गळ्यात क्रूस, दुसरीच्या मंगळसूत्र, आणि दोघींचा भावही एकच आणि शिव्याही त्याच. राजांनी तिकडे बसून फर्मानं काढली, अमक्यानं अमका देव पुजावा. माणसांनी इकडे काय करायचं ते केलं. काहींनी मार खाल्ला, काही पळाले, काहींनी नवा देव घरात घेतला आणि त्याला इतका माणसाळवला की माझी आईही त्याच्याकडे जागा मागायला लागली. आणि हे सगळं गाव, बोंबलांसकट, मेणाच्या घरासकट, 'नवरीबरोबर आलं'?

त्याच आठवड्यात कुमुदताईंच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, तिथेच, विद्यापीठाच्या एका हॉलमध्ये. परदेशात का होईना, रुखवत पाहिजे म्हणून कुमुदताईंनी कंबर कसली होती. त्यांच्या इवल्याशा स्वयंपाकघरात आम्ही साखरेच्या चौकोनी खड्यांचं तुळशीवृंदावन रचत होतो. करंज्या, लाडू, रंगवलेल्या सुपाऱ्यांचे नवरानवरी, क्रोशाचे रुमाल. तेवढ्यात शिकागोहून विहीणबाईंचा फोन आला. कुमुदताई "हो, हो" करत राहिल्या आणि ठेवल्यावर म्हणाल्या, "विचारून राहिल्या, समई एक का जोडी? आणि म्हणे भांड्यांच्या सेटमध्ये कुकर धरलाय की तो वेगळा?"

मला एकदम हसू फुटलं. म्हटलं, "कुमुदताई, थांबा, लायब्ररीत वाचलेली एक गंमत सांगते." आणि मी सांगायला लागले. मुंबईचं आंदण ठरलं. इंग्लंडातल्या काही बड्या लोकांना तर ती ब्राझीलच्या आसपास कुठेतरी असावी असं वाटत होतं म्हणे. इंग्रजांची जहाजं सामान उचलायला आली, तर तिथला पोर्तुगीज गव्हर्नर देईना. मुंबई दिली म्हणजे एवढंच बेट दिलं, माहीम त्यात धरलेलं नाही. इंग्रज म्हणतात, धरलेलं आहे.

"म्हणजे कुकरच की गं!"

"कुकरच! आणि इंग्रज शिपाई वाट बघत दुसऱ्या एका बेटावर थांबले ते तापानं पटापट मेले. शेवटी मुंबई मिळाली, तर राजाला तिचा खर्च झेपेना. मग त्यानं ती कंपनीला भाड्यानं देऊन टाकली."

"बायकोच्या आंदणातली जागा भाड्यानं?" कुमुदताई ओरडल्या. "मेला!"

"आणि ती बिचारी कॅथरीन," मी म्हटलं. हे सांगताना माझा आवाज जरा खाली आला. कारण तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि थंडीच्या परक्या गावात ती नुसती बसून होती, एवढं मला न वाचताही कळत होतं. "तिची सवतच तिच्या तैनातीला आणून बसवली नवऱ्यानं. आणि ती कॅथलिक म्हणून तिला कधी मुकुटच घातला नाही. तिचा देव तिच्यापाशी ठेवायची परवानगी मात्र करारात लिहून घेतली होती."

कुमुदताई साखरेचा खडा हातात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "ते सगळं ठीक. पण मला एक सांग. आम्ही ही समई मांडतो ती माझ्या बाबांनी विकत आणलेली आहे. त्या राजानं ती मुंबई कुठून आणली होती?"

वृंदावनाचा एक कोपरा ढासळला तेव्हा आम्ही दोघी भानावर आलो.

परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा खरं ऊन पडलं. हॉलच्या खिडक्या उघडल्या होत्या, बाहेर तबकड्या फेकणाऱ्या पोरांचा आरडाओरडा. प्रश्न होता: राजसत्तेनं धर्म आणि साम्राज्य यांना आकार कसा दिला? उदाहरण घेऊन लिहा. सवयीनं माझ्या कानात सरांचा आवाज सुरू झाला. आत्यासुद्धा आली. मी तिला म्हटलं, तुम्ही आज बसा जरा बाजूला.

आणि मी रुखवत लिहिलं. इंग्रजी म्हणाल तर हसू येईल असं होतं. दर चार ओळींनी 'शेमलेस'. एका ठिकाणी चार्ल्सला मी 'धिस इडियट ब्राइडग्रूम' म्हटलं होतं. एका वाक्यात चक्क 'व्हेरिली' होतं, ते कुठून आलं देव जाणे. पण मुद्दा सरळ होता. राजांनी धर्म वापरला तो देवासाठी नाही, घर वाढवण्यासाठी. हेन्रीनं मठ मोडले आणि जमिनी वाटल्या. इसाबेलानं आधी घर साफ केलं, मग जहाजं काढली. लुईनं प्रजेचा देव एक करायला निघून आपलेच विणकर घालवले. आणि जिथे तलवार चालवायची नव्हती तिथे लग्न लावलं. मग शेवटचे दोन परिच्छेद. त्यांत लिहिलं की रुखवतात मांडलेली वस्तू मांडणाऱ्याची असायला हवी, आणि ती वस्तू माणसं असतील तर मांडायचीच नाही. देणाऱ्यानं दिली, घेणाऱ्यानं घेतली, माहीम धरायचं की नाही यावर दोघं भांडले, आणि माहीममध्ये जाळी वाळत घालणाऱ्यांना कुणी मांडवाच्या दारापर्यंतही बोलावलं नाही. 'मुंबई नवरीबरोबर आली' असं लिहिणारा आजही वरपक्षाकडून जेवतोय. हे वाक्य लिहून मी पेन ठेवलं आणि इकडेतिकडे बघितलं. कुणीच टाळ्या वाजवत नव्हतं.

ग्रेड आली: सी प्लस. बाजूला लिहिलेलं, येऊन भेटा.

सर या वेळी हसत नव्हते. "हे तुमचं आहे," ते म्हणाले. "नक्कीच तुमचं आहे. आणि उत्तर जिवंत आहे. पण शेवटचे दोन परिच्छेद इतिहास नाहीत, तक्रार आहे. त्या काळात राज्य राजाचंच मानलं जाई. आजच्या डोळ्यांनी काल बघायचा नसतो. ते दोन काढा, बाकीचं नीट करून आणा. मी बी देईन. उद्यापर्यंत विचार करा."

ते वाईट असते तर किती सोपं झालं असतं! पण ते चांगले होते. मला खरोखर आत घ्यायचं होतं त्यांना. दार अर्धं उघडून, हात पुढे करून उभे होते, फक्त दोन परिच्छेद बाहेर ठेवायचे होते.

घरी हे भाजी चिरत होते. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "दोनच परिच्छेद ना? काढून टाक. मुंबई काय कुठे जातेय?"

"अहो, तुमच्या पुलाच्या प्रबंधात कुणी म्हटलं की पूल पडला एवढंच लिहा, खाली कोण होतं ते लिहू नका, तर?"

"लिहितो मी तसंच. खाली कोण होतं ते पोलीस लिहितात."

त्यांनी कांदा चिरता चिरता वर बघितलं आणि त्यांच्याच लक्षात आलं. मग सुरी ठेवून म्हणाले, "तुला जे करायचं ते कर. पण एवढं धरून चाल, ही जागा गेली तर दुसरी कधी मिळेल ते मला सांगता येत नाही." खरं होतं. आणि तरी ते 'तुला जे करायचं ते कर' म्हणाले, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी मी गेले आणि परिच्छेद काढले नाहीत. सी प्लस कायम राहिली. विभागातल्या बाईंनी छापील पत्र पाठवलं. त्या शरद ऋतूत मी घरात होते, वरण शिजवत. पुढे न्यू जर्सीला आल्यावर, मुलगा शाळेत जायला लागल्यावर, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन जाऊन एम.ए. झाले, आणि मग कितीतरी वर्षं इथल्या एका छोट्या कॉलेजात इतिहास शिकवला. पण जे गेलं ते गेलं. ते वय, ते गाव, ती फी माफ असलेली दोन वर्षं. त्याला मी 'बरंच झालं' म्हणणार नाही. लोकांना हरल्याची गोष्ट शेवटी गोड करून हवी असते. मी करत नाही.

मी हे राजांचं खातं आयुष्यभर शिकवलं, आणि दर वर्षी वर्गात कुणीतरी शहाणं मूल हात वर करून म्हणायचंच, त्या काळात असंच होतं ना, मॅम? मी म्हणायची, हो, असंच होतं. पण त्याच काळात त्या पोर्तुगीज गव्हर्नरला बरोबर प्रश्न पडला होता, की हे नक्की कुणाचं आणि कुणी द्यायचं. प्रश्न तेव्हाही होता. तो विचारायचा हक्क कुणाला, एवढंच ठरलेलं होतं. कालचे डोळे आणि आजचे डोळे वेगळे नसतात. खुर्च्या वेगळ्या असतात.

रेवा खाली आली तेव्हा भेंडी चिरून झाली होती. तिच्या हातात एक पिवळी चिठ्ठी होती. "आज्जी, बॉम्बे. आमच्या बुकमध्ये वन लाइन आहे. फुटनोटमध्ये. 'ॲज पार्ट ऑफ हर डाउरी.'"

"अजूनही?"

"अजूनही." मग ओट्याला टेकून म्हणाली, "बाबा म्हणाला, यू लॉस्ट अ कॉलेज सीट ओव्हर धिस. फॉर रिअल?"

मग मी तिला सांगितलं. खोकल्यासकट सगळं. शेवटच्या प्रसंगाचं माझं भाषण आमच्या घरात प्रसिद्ध आहे. मुलाचे मित्र आले की तो मला ते म्हणायला लावतो. मी सरांच्या टेबलापुढे ताठ उभी राहते आणि म्हणते, "सर, तुमच्या राजांनी जे त्यांचं नव्हतं ते दिलं. हे दोन परिच्छेद माझे आहेत आणि मी ते तुम्हाला देतेय. ठेवून घ्या. पुढच्या वर्षी मुंबई शिकवाल तेव्हा आधी हे वाचा, मग खोका."

रेवाचे डोळे मोठे झाले. "यू सेड ऑल दॅट? इन इंग्लिश?"

मी भेंडीचे देठ गोळा करत राहिले. पोरगी सरळ माझ्याकडे बघत होती. परवा तिला एकटीला परीक्षेच्या खोलीत बसून लिहायचं आहे. तिला नटवलेलं देऊन काय उपयोग?

"नाही गं. त्यातलं निम्मं मला बसस्टॉपवर सुचलं. बाकीचं इथे आल्यावर, हळूहळू. दर दिवाळीला एखादं वाक्य वाढतं."

"देन व्हॉट डिड यू ॲक्चुअली से?"

"सर म्हणाले, 'काढलेत परिच्छेद?' मी म्हटलं, 'नो, सर.'"

"अँड देन?"

"ते म्हणाले, 'तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ?' मी म्हटलं, 'येस, सर.' आणि बाहेर पडायच्या घाईत दाराऐवजी कपाट उघडलं."

"दॅट्स इट? जस्ट 'नो, सर'?"

"तेवढंच."

रेवा हसली, मग हसायची थांबली. चिठ्ठी उलटी करून तिच्या मागे काहीतरी लिहिलं आणि दाखवलं नाही. मीही विचारलं नाही. तिचा पेपर आहे. काय लिहायचं, काय गाळायचं, त्याची किंमत काय, हे तिचं ती बघेल.

मला एवढंच माहीत आहे, की त्या अख्ख्या कोर्सात माझं स्वतःचं असं पहिलं तोंडी उत्तर दोन शब्दांचं होतं. आणि ते बरोबर होतं.